आंतला आवाज आणि मंत्रचळ

वर्ध्यास राहणाऱ्या माणसाच्या कानांवर ‘आंतला आवाज’ हा शब्द लहानपणापासून पडत असतो. गांवापासून अडीच कोसांवर सेवाग्राम आहे आणि नागपूरच्या वाटेवर धाम नदीच्या कांठीं पवनार आहे. या दोन ठिकाणीं राहिलेल्या दोन पुरुषांनीं आपल्या आयुष्यांतील मोठमोठे निर्णय आंतून आलेल्या प्रेरणेवर घेतले, ही गोष्ट येथें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असते. त्यामुळें हा शब्द आमच्याकडे फार स्वस्त झाला आहे. मुलीला आलेलें स्थळ नाकारावयाचें असो, शेताचा सौदा मोडावयाचा असो, कीं ठरलेला प्रवास रद्द करावयाचा असो. ‘आंतून आवाज आला’ असें म्हटलें कीं पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

या शब्दाला जेव्हां ग्रंथांत प्रतिष्ठा मिळते, तेव्हां टीकाकाराचीहि तीच स्थिति होते. आत्मचरित्रकारानें ‘मला आंतून असें वाटलें’ असें लिहिलें कीं भाविक वाचक हात जोडतो आणि चिकित्सक वाचक हसतो. दोघेहि वाचन तेथेंच थांबवितात. वास्तविक टीकेचें काम तेथूनच सुरू व्हावयास पाहिजे. मनांत उमटलेला विचार ही खरी अंतःप्रेरणा होती, कीं भयानें पछाडलेल्या मनाचा चाळा होता, हें त्या लेखनावरूनच पुष्कळ अंशीं ओळखतां येतें, असें आमचें मत आहे. तें आम्ही येथें दोन पुस्तकांच्या आधारें मांडणार आहों. एक, लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’. दुसरें, आप्पा पटवर्धनांनीं मराठींत आणलेले गांधीजींचे ‘सत्याचे प्रयोग’. या दुसऱ्या पुस्तकाची कथा १९२० च्या सुमारास संपते. म्हणून १९३३ च्या उपवासासंबंधानें गांधीजींनीं पुढें जें लिहिलें, तेंहि त्याच्या जोडीला घेऊं.

हा विषय आम्ही केवळ वाङ्मयीन हौसेनें घेतलेला नाहीं. आमच्या ओळखीच्या एका घरांत सतरा वर्षांचा एक हुशार मुलगा होता. रात्रीं निजण्यापूर्वीं उंबऱ्याला तीनदां हात लावला नाहीं तर आईला अपघात होईल, असें त्याच्या मनानें घेतलें. तिनांचे सात झाले, सातांचे एकवीस झाले. आजीबाई म्हणाल्या, ‘पोराला पुढचें कळतें; त्याच्या आजोबांनाहि कळत असे.’ वडिलांना सेवाग्रामची आठवण झाली. ते म्हणाले, ‘आंतला आवाज आहे, त्याला मोडूं नका.’ एके दिवशीं मुलानेंच आम्हांला हळूच विचारलें, ‘काका, आंतला आवाज असा सारखा धमक्या देतो का हो?’ त्या वेळीं आम्हांला नीट उत्तर देतां आलें नाहीं. त्याचीं दोन वर्षें गेलीं, एक परीक्षा बुडाली, आणि मग योग्य वैद्याची गांठ पडली. त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा हा उशिरां केलेला प्रयत्न आहे.

प्रथम शब्दाचा विचार करूं. या विकाराला मराठींत ‘मंत्रचळ’ असा जुना आणि फार बोलका शब्द आहे. मंत्र म्हणतांना आपली कांहीं चूक झाली कीं काय, या शंकेनें मन चळावें आणि पुनः पुनः आरंभापासून सुरुवात करावी, असें चित्र त्या शब्दानेंच डोळ्यांपुढें उभें राहतें. आजचें वैद्यकशास्त्र यांत दोन अंगें मानतें. मनांत नको असतां घुसणारा विचार हें एक. आणि त्या विचारानें उसळलेली भीति शमविण्यासाठीं केलेली कृति हें दुसरें. हात धुणें, कडी तपासणें, मोजणें, मनांतल्या मनांत नामजप करणें, दुसऱ्याकडून पुनः पुनः खात्री करून घेणें, या सर्व त्या कृतीच्याच जाती होत. कृति केली कीं क्षणभर बरें वाटतें. पण त्या बरें वाटण्यानेंच विचाराला पुढच्या खेपेस अधिक बळ येतें. शंभर माणसांत एकदोघांना तरी आयुष्यांत केव्हांना केव्हां हा विकार गांठतो.

यांत एक गोष्ट सामान्य वाचकानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. असले विचित्र विचार निरोगी माणसांच्याहि मनांत येतात. गच्चीच्या कांठावर उभें राहिलें असतां उडी मारावीशी वाटणें, देवापुढें हात जोडले असतां मनांत अभद्र शब्द येणें, हें कोणाला घडत नाहीं? १९७८ सालीं रॅचमन आणि डी सिल्वा या दोन संशोधकांनीं निरोगी आणि रोगी अशा दोन्ही प्रकारच्या माणसांचे असे विचार मिळवून ताडून पाहिले, तेव्हां त्यांच्या आशयांत मोठेंसें अंतर आढळलें नाहीं. निरोगी मनुष्य ‘काय पण मनांत आलें!’ म्हणून पुढें जातो; मंत्रचळ झालेला मनुष्य त्या विचाराला आज्ञा किंवा अपराध समजून त्याच्यापाशीं अडकून पडतो. अर्थात् विचार काय आला एवढ्यावरून कांहींच ठरत नाहीं. त्या विचाराशीं मनानें कोणता व्यवहार केला, हें पाहावें लागतें; आणि आत्मचरित्रांत दिसतो तो हाच व्यवहार.

‘स्मृतिचित्रें’ हें पुस्तक १९३४ पासून भागाभागानें प्रसिद्ध झालें. त्याच्या आरंभींच लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले आपणांस भेटतात. १८५७ च्या धामधुमींत नानांच्या सासऱ्यांना फांशी झाली. त्या धक्क्यानें नानांचें मन सोवळ्याकडे असें वळलें कीं तें पुनः माघारें आलें नाहीं. बाजारांतून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरांत घ्यावयाची नाहीं; मीठसुद्धां या नियमांतून सुटत नसे. लक्ष्मीबाई हें सर्व इतक्या हंसऱ्या लेखणीनें सांगतात कीं घरोघरीं हा भाग मोठ्यानें वाचला जातो आणि लहानमोठीं सारीं पोट धरून हंसतात. आम्हीहि हंसलों आहों. परंतु दुसऱ्या वाचनांत त्या हंसण्याखालीं काय दडलें आहे तें दिसूं लागतें. मीठ धुतलें म्हणजे विरघळतें. तरी तें धुवावयाचें. धुणारा हात कोणाचा? नानांच्या भीतीचा सर्व खर्च त्यांच्या पत्नीनें आणि मुलांनीं भागविला. एका माणसाच्या मनांतली शंका साऱ्या घराचा कायदा होऊन बसली.

लक्ष्मीबाईंनीं वैद्यकाचा एकहि शब्द न वापरतां या विकाराचें जें वर्णन केलें आहे, तें इतकें पुरें आहे कीं त्यावरून तीन खुणा सहज काढतां येतात. पहिली, काम कधींच पुरें होत नाहीं. शुद्ध झालें असें म्हणण्याचा क्षण येतच नाहीं. दुसरी, अनुभवाचा उपयोग होत नाहीं. काल न धुतल्यानें कांहीं बिघडलें नाहीं, ही गोष्ट आज मदतीला येत नाहीं. तिसरी, भोंवतालच्या माणसांना त्या कृतींत ओढलें जातें आणि त्यांनीं नकार दिला तर जणूं आकाशच कोसळतें. नानांच्या सोवळ्याला त्या काळच्या धर्माचाराचें पांघरूण मिळालें, म्हणून तें दुखणें म्हणून कोणी ओळखलें नाहीं. घरांत वेद म्हणणारा मनुष्य भ्रमिष्ट कसा असेल? उलट त्याची ख्यातिच झाली असेल.

येथें आम्हांला एक खबरदारी घेतली पाहिजे. नानांचें सोवळें हें दुखणें होतें असें म्हटलें, म्हणून अस्पृश्यता हेंहि समाजाचें दुखणेंच होतें असें म्हणून कोणी हात झटकूं नयेत. मंत्रचळ झालेला मनुष्य स्वतः सर्वांत अधिक दुःख भोगतो आणि पुष्कळदां आपलें वागणें खुळेपणाचें आहे हें त्याला कळतहि असतें. माणसाचा विटाळ मानणारा समाज मात्र सुखानें झोंपत होता. तो अन्याय निरोगी, जाणत्या माणसांनीं शतकानुशतकें चालविला. दुखण्याला औषध असतें; अन्यायाला प्रायश्चित्त लागतें.

आतां याच पुस्तकांतील दुसरा प्रसंग पाहा. १८९५ सालीं रेव्हरंड टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर पुढें लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास गेल्या, तरी आपलें सोवळें, आपलें पाणी, आपली चूल त्यांनीं सोडली नव्हती. अशा स्थितींत एके दिवशीं विचार करतां करतां त्यांना एकदम उमगलें कीं जाती देवानें केलेल्या नाहींत, त्या माणसानें केल्या आहेत. आणि तेव्हांपासून त्यांनीं शिवाशिव टाकून दिली. ज्या मुलीचें बालपण मीठ धुण्याच्या घरांत गेलें, तिच्या मनांत हा विचार आला! हिला आम्ही अंतःप्रेरणा म्हणतों. तिला धमकी नाहीं. अमुक न केलेंस तर तमुक होईल, अशी अट नाहीं. ती एकदां आली, तिचें काम झालें, आणि ती पुनः पुनः दार ठोठावीत बसली नाहीं. शिवाय ती अचानक आल्यासारखी दिसली तरी तिच्या मागें कित्येक वर्षांचें पाहणें, भांडणें, सोसणें आणि विचार करणें होतें. बापाच्या शंकेनें घराचें दार बंद होत गेलें; मुलीच्या प्रेरणेनें तें उघडलें. एकाच पुस्तकांत, एकाच विषयावर, हीं दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं मिळावींत, हें आम्हांला त्या ग्रंथाचें एक मोठें, पण फारसें न सांगितलेलें महत्त्व वाटतें.

आतां गांधीजींकडे वळूं. १९३३ च्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस, येरवड्याच्या तुरुंगांत असतांना, त्यांनीं एकवीस दिवसांच्या उपवासाचा निश्चय जाहीर केला. तो ८ मे रोजीं सुरू झाला. त्याच दिवशीं सरकारनें त्यांना सोडून दिलें आणि पुण्याच्या पर्णकुटींत २९ मे रोजीं त्याची सांगता झाली. उपवासाचा हेतु अस्पृश्यतानिवारणाच्या कामांत स्वतःची व सहकाऱ्यांची शुद्धि व्हावी, हा होता. शब्द पाहा: शुद्धि! नानांनाहि शुद्धीच पाहिजे होती. नानांची शुद्धि स्पर्श टाळून साधावयाची होती, ही स्पर्शाची बंदी मोडण्यासाठीं होती. शब्द एक असल्यामुळें मनाची जात एक ठरत नाहीं, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत गांधीजी वर्ध्यास येऊन राहिले आणि ७ नोव्हेंबरला येथूनच त्यांचा हरिजनयात्रेचा दौरा निघाला. ज्या गांवांत १९२८ सालीं जमनालाल बजाजांनीं लक्ष्मीनारायणाचें मंदिर अस्पृश्यांना खुलें केलें, तेथून तो निघावा हें उचितच होतें.

जुलै महिन्यांत ‘हरिजन’ पत्रांत गांधीजींनीं त्या रात्रीची हकीकत सांगितली. आवाज येण्यापूर्वीं मनांत भयंकर झगडा चालला होता. मग आवाज दुरून यावा तसा आणि तरी अगदीं जवळचा असा आला. तो तोच आहे याची खात्री होतांच झगडा थांबला आणि मन शांत झालें. हा आवाज खरा होता हें संशयी माणसाला पटवून देण्यास आपल्याजवळ पुरावा नाहीं, हें त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें. मात्र साऱ्या जगानें विरुद्ध कौल दिला तरी आपली श्रद्धा ढळणार नाहीं, असेंहि ते म्हणाले.

या हकीकतीवरून पुष्कळ लोक अशी कसोटी काढतात कीं, ज्या विचारानें शांति मिळते तो आंतला आवाज. आमच्या मतें ही कसोटी अपुरी आहे, इतकेंच नव्हे तर धोक्याची आहे. नानांनाहि मीठ धुतल्यावर शांति मिळतच असली पाहिजे; आमच्या त्या मुलालाहि एकविसाव्या स्पर्शानंतर मिळत असे. प्रश्न शांतीचा नाहीं, ती केव्हां आली याचा आहे. मंत्रचळांत शांति कृतीनंतर येते. ती मजुरीसारखी असते आणि संध्याकाळपर्यंत खर्चून जाते. गांधीजींच्या हकीकतींत शांति निश्चयाबरोबर आली. उपवासाचा एक दिवसहि उगवला नव्हता, परिणाम कांहींच हातीं लागला नव्हता, मृत्यु समोर दिसत होता, आणि मन शांत होतें. आवाजानें भय घालविलें. भयाच्या बदल्यांत कांहीं मागितलें नाहीं. हा फरक सूक्ष्म आहे, परंतु वाचकानें एकदां पाहिला कीं तो पुढें प्रत्येक आत्मचरित्रांत दिसूं लागतो.

येथें एक आक्षेप येईल. गांधीजींच्या आत्मकथेंत बारीकसारीक गोष्टींवरून मनाला टोचणी लावून घेण्याचे प्रसंग थोडे नाहींत. त्यांतहि मंत्रचळाची छाया नाहीं काय? आक्षेप रास्त आहे. शेळीच्या दुधाची गोष्टच घ्या. गाईम्हशींवर होणारे अत्याचार पाहून त्यांनीं दूध सोडलें होतें. १९१८ च्या मोठ्या दुखण्यानंतर कस्तुरबांनीं सुचविलें कीं प्रतिज्ञा करतांना शेळी मनांत नव्हती, तेव्हां तिचें दूध घ्यावयास हरकत नाहीं. त्यांनीं तें घेतलें. आणि प्रतिज्ञेचें अक्षर पाळून आत्मा मोडला, ही टोचणी त्यांनीं पुढें उघडपणें लिहून ठेवली. परंतु ही टोचणी खऱ्याखुऱ्या घडलेल्या गोष्टीची आहे. घडली असेल कीं काय अशा शंकेची नाहीं. ती बाळगून ते आयुष्यभर शेळीचें दूध पीत राहिले आणि कामहि करीत राहिले. मंत्रचळाला हें जमत नाहीं. मनांत बोच राहूं देऊन पुढें चालणें, हीच गोष्ट त्याला अशक्य वाटते.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. जगाचा कौल झुगारणारी श्रद्धा आणि वेड यांत फरक कोणता? आम्ही भक्तांप्रमाणें हा प्रश्न टाळणार नाहीं. आंतला आवाज चुकूं शकतो. १९३९ च्या मार्च महिन्यांत गांधीजींनीं राजकोट येथें उपवास केला आणि त्याच्या जोडीनें व्हाइसरॉयनीं मध्यें पडावें असा प्रयत्न केला. निवाडा त्यांच्या बाजूनें लागला. परंतु थोड्याच आठवड्यांत त्यांनीं आपली चूक झाली, त्या कृतींत हिंसेचा अंश होता, असें जाहीर केलें आणि मिळालेल्या निवाड्याचा लाभ सोडून दिला. आमच्या मतें १९३३ च्या लेखापेक्षां १९३९ ची ही कबुली त्यांच्या अंतःप्रेरणेची मोठी साक्ष आहे. प्रेरणेनें वागणारा मनुष्य चुकतो, चूक पाहतो आणि परत फिरतो. मंत्रचळाला चूक पाहतांच येत नाहीं. कारण तो सदैव चुकीच्या भयांत असतो, आणि भयभीत माणसाला खरी चूक व खोटी चूक सारखीच दिसते.

या मागणीच्या वाढत जाण्याचें अत्यंत प्रामाणिक चित्र इंग्रजी वाङ्मयांत जॉन बनियननें १६६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तांत काढलें आहे. त्याला देवळाची घंटा वाजविण्याचा नाद होता. तें पाप आहे असें मनानें घेतल्यावर त्यानें तो सोडला. पण दुसरे वाजवीत तें पाहावयास जाई. मग वाटलें, घंटा अंगावर पडली तर? म्हणून तो तुळईखालीं उभा राहूं लागला. तेथून भीतीनें त्याला दाराशीं नेलें. आणि मग सारा मनोराच कोसळला तर, या धास्तीनें तो तेथूनहि पळाला. पुढें ‘ख्रिस्ताला विकून टाक’ असे शब्द त्याच्या मनांत दिवसरात्र आदळत राहिले. ज्या ख्रिस्तावर त्याचें सर्वस्व होतें, त्याच्याविषयींच हे शब्द यावेत! मंत्रचळाची ही एक क्रूर रीत आहे. माणसाला जें सर्वांत प्रिय, तेथेंच तो दंश करतो. आमच्या त्या मुलाला भय वाटलें तें आईचेंच. म्हणून अशा माणसानें ‘माझ्या मनांत असलें येतें, म्हणजे मी खराच असा आहें’ असा निष्कर्ष काढूं नये. सत्य बहुधा याच्या उलट असतें.

आमच्या परंपरेंतहि या प्रश्नाचा विचार झालेला आहे. धर्माचीं प्रमाणें सांगतांना मनुस्मृतीनें अंतःकरणाच्या समाधानाला जागा दिली, पण ती वेद, स्मृति आणि सज्जनांचा आचार यांच्या मागें, सर्वांच्या शेवटीं. कालिदासाचा दुष्यंत शकुंतलेला प्रथम पाहतो तेव्हां अंतःकरणाच्या ओढीला प्रमाण मानतो. परंतु तेंहि सज्जनांपुरतें आणि संशयाच्या जागीं. गंमत अशी कीं, हाच दुष्यंत पांचव्या अंकांत तिला ओळखीत नाहीं, आणि अंकाच्या शेवटीं केवळ मनाची व्यथा त्याला सांगत राहते कीं हिचें म्हणणें खरें असावें. ती व्यथा बलवान् आहे, तरी पाहा! ती त्याला दरडावीत नाहीं. खरी प्रेरणा पुष्कळदां अशी हलक्या आवाजाची असते आणि तिला दाबून टाकणें फार सोपें असतें. मनांत जो सर्वांत मोठ्यानें ओरडतो तोच खरा, असें समजणाऱ्यांनीं हा अंक पुनः वाचावा.

शेवटचें उदाहरण पवनारचें. १९५१ च्या मार्चमध्यें विनोबा येथून पायीं निघाले आणि हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस सर्वोदय संमेलनाला गेले. पुढें तेलंगणांत हिंडतांना १८ एप्रिलला पोचमपल्लीस हरिजनांनीं त्यांच्यापाशीं ऐंशीं एकर जमीन मागितली. विनोबांनीं गांवकऱ्यांनाच विचारलें, आणि रामचंद्र रेड्डी यांनीं शंभर एकर देऊं केली. हा ईश्वरी संकेत आहे असें विनोबांनीं मानलें व भूदानाची यात्रा सुरू झाली. ही प्रेरणा कोठून आली? बंद खोलींतील एकट्याच्या भयांतून आली नाहीं. समोरच्या माणसाच्या गरजेंतून आली, दुसऱ्या माणसाच्या औदार्यानें तिला दुजोरा मिळाला, आणि रोज नव्या गांवीं तिची परीक्षा झाली. पुढें दानांत आलेली पुष्कळ जमीन नापीक निघाली, पुष्कळ वांटलीच गेली नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. प्रेरणा खरी असली म्हणून फळ पूर्ण येईलच असें नाहीं. मंत्रचळ मात्र फळाची हमी अगोदर मागतो.

इतक्या विवेचनावरून कोणी एखादी यादी करील आणि मनांत आलेला प्रत्येक विचार तिच्यावर घासून पाहूं लागेल, तर आमच्या लेखानें अपकार केला असें होईल. ‘हा आवाज खरा कीं खोटा’ हें दिवसांतून पन्नास वेळां तपासणें, हाच मंत्रचळाचा नवा अवतार आहे. निरोगी मनुष्य असा विचार एकदां करतो, फार तर एखाद्या जाणत्या मित्राला विचारतो आणि अनिश्चिततेसह पाऊल उचलतो. ज्याला हें करवत नाहीं, त्यानें वाङ्मयाकडे नव्हे, वैद्याकडे जावें. १९६६ सालीं लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनीं अशा रोग्यांवर केलेल्या उपचारांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हांपासून या दुखण्याचा उपाय अधिक निश्चित झाला आहे. ज्याची भीति वाटते त्याला हळूहळू सामोरें जावयाचें आणि भीति शमविणारी कृति करावयाची नाहीं. भीति आपण होऊन ओसरते हें मनाला अनुभवानें शिकवावयाचें, हें त्याचें मर्म. उपयोगी पडणारीं औषधेंहि आहेत. सेवाग्रामांतच १९६९ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें आणि तेथें मनोविकारांचा विभाग आहे. ज्या गांवाच्या नांवानें आमच्या शेजाऱ्यांनीं मुलाला डॉक्टरांकडे नेण्याचें टाळलें, त्याच गांवीं ही सोय असावी, हा योगायोग आम्हांला बोध देऊन गेला.

घरच्या माणसांचेंहि एक कर्तव्य आहे. शंकेखोर माणसाला दहादां ‘नाहीं रे, कांहीं होत नाहीं’ असें सांगणें ही माया वाटते. पण तें मीठ धुऊन देण्यासारखेंच आहे. त्याच्यावर रागावणें तर त्याहून वाईट. त्याच्या दुःखावर विश्वास ठेवावा आणि त्याच्या भयाची चाकरी करूं नये, एवढें साधलें तरी पुष्कळ झालें. नानांच्या घरांत हें सांगणारें कोणी नव्हतें. त्या दुखण्याला नांवच मिळालें नव्हतें. म्हणून ‘स्मृतिचित्रें’ पुनः वाचतांना हंसून झाल्यावर, ओट्यावर बसून मीठ धुणाऱ्या त्या माउलीकडेहि वाचकांनीं क्षणभर पाहावें, अशी आमची विनंति आहे.

त्या मुलाची परवां गांठ पडली. तो आतां नागपुरास शिकतो. उंबऱ्याची गोष्ट त्यानेंच काढली. म्हणाला, ‘अजून कधीं कधीं मनांत येतें, काका. येऊं देतों, आणि निजतों.’ त्यानें पूर्वीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आतां देऊं शकतों: नाहीं बाळ, आंतला आवाज धमक्या देत नाहीं. परंतु तें उत्तर आमच्याआधीं त्याला स्वतःलाच सांपडलें होतें.